एफएचए कर्जावरचे घर शॉर्ट सेलमध्ये विकताना

अमेरिकेत एफएचएच्या (गृहकर्जांना विमा देणारी सरकारी संस्था) विम्याखालचे कर्ज असलेले घर तुम्ही एजंट म्हणून प्रथमच शॉर्ट सेलमध्ये, म्हणजे थकीत कर्जापेक्षा कमी रकमेला, विकायला घेत असाल, तर ‘आधी ग्राहक आणू, मग बँकेशी बोलू’ ही सवय बाजूला ठेवावी. येथे कर्जाची वसुली पाहणाऱ्या सर्व्हिसरकडून सहभागाची लेखी मंजुरी आधी घ्यावी लागते, घराचे ‘आहे त्या स्थितीत’ मूल्यांकन होते आणि पुढचा सगळा हिशेब त्याच आकड्यावर चालतो.

या हिशेबात विक्रीची किंमत नव्हे, तर कमिशन आणि व्यवहाराचा खर्च वजा जाता हाती उरणारी रक्कम मोजतात. ती घर विक्रीला ठेवल्यापासून पहिल्या 30 दिवसांत मूल्यांकनाच्या 88 टक्के, पुढच्या 30 दिवसांत 86 टक्के आणि त्यानंतर 84 टक्के तरी असावी लागते. समजा, मूल्यांकन 2,00,000 डॉलर आहे आणि 1,90,000ची ऑफर आली; कमिशनचे 11,400 आणि खर्चाचे 4,000 वजा केले, तर 1,74,600 उरतात. पहिल्या महिन्यात ही ऑफर 1,400 डॉलरने कमी पडते, दुसऱ्यात सहज बसते. म्हणून ऑफरची तारीख नीट पाहा.

खरेदीदार नातेवाईक किंवा भागीदार नसावा. मालकाला मात्र एक गोष्ट अवश्य सांगा, कारण भीतीपोटी अनेक जण माघार घेतात: नियमानुसार विक्री पूर्ण झाल्यावर उरलेल्या कर्जासाठी सर्व्हिसर किंवा हड (एफएचए ज्याच्या अखत्यारीत येते ते केंद्रीय गृहनिर्माण खाते) त्याच्यामागे लागत नाही. माफ झालेल्या रकमेवरील कराबाबत त्याने करसल्लागाराला विक्रीपूर्वीच भेटावे.