घाटातली गाडी आणि गावची तिजोरी

प्रश्न : इंदूरजवळची पाताळपाणी ते कालाकुंड ही वारसा रेल्वेगाडी आम्हाला फार आवडते, पाहुणे आले की त्यांनाही आवर्जून नेतो. पण आता स्थानिक संस्थांनीही या गाडीला मदत करावी, अशी मागणी कानावर येते. गाडी रेल्वेची, रूळ रेल्वेचे, तिकिटाचे पैसे रेल्वेच्या खात्यात. मग आमच्या घरपट्टीतला पैसा तिच्यावर का खर्च व्हावा? आणि व्हायचाच असेल, तर नेमका कशावर?
— एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : आपल्या शंकेत तथ्य आहे, आणि तिला कायद्याचाही आधार आहे. रेल्वे हा घटनेच्या सातव्या अनुसूचीतील केंद्र सूचीचा विषय आहे. त्यामुळे इंजिनाची दुरुस्ती, डबे, रूळ किंवा तिकिटातली तूट यांसाठी नगर निगमने (आपण इंदूरकर महापालिकेला निगमच म्हणतो) वा जिल्हा पंचायतीने पैसे मोजावेत, हे माझ्या मते मुळातच चुकीचे आहे. असे पैसे एकदा दिले की ते दरवर्षी द्यावे लागतात, आणि ज्या वर्षी देणे जमत नाही त्या वर्षी गाडी बंद पडल्याचा दोष गावाच्या माथी येतो.

मात्र या मार्गाचा जन्मच स्थानिक तिजोरीतून झाला, हे विसरून चालणार नाही. 1870च्या सुमारास महाराजा तुकोजीराव होळकर दुसरे यांनी खंडवा–इंदूर मार्गासाठी (हा घाट त्याचाच एक तुकडा) इंग्रज सरकारला एक कोटी रुपये दिले, ते साडेचार टक्के व्याजाने आणि 101 वर्षांच्या मुदतीने. या व्यवहाराचे कौतुक करताना आपण ‘महाराजांनी रेल्वे आणली’ एवढेच सांगतो आणि व्याजाचा दर गाळून टाकतो, हे मला नेहमी खटकते. दरबाराने देणगी दिली नव्हती, लेखी अटींवर कर्ज दिले होते. रेल्वे होळकर संस्थानातून जावी, माळव्याचा माल बाजाराला लागावा, हा त्यामागचा हिशेब होता. आजच्या स्थानिक संस्थेनेही याच हिशेबाने विचार करावा: पैसा घालायचा तो अशा गोष्टीत, जी गाडी उद्या थांबली तरी गावाकडेच राहील.

आता नेमके कशावर, ते पाहू. 25 डिसेंबर 2018 रोजी सुरू झालेली ही मीटरगेज (रुळांत एक मीटर अंतर असलेली) गाडी सुमारे साडेनऊ किलोमीटर घाट उतरून कालाकुंडला पोहोचते. घाटाचा चढ चाळीसास एक, म्हणजे चाळीस मीटर पुढे गेले की एक मीटर उंची. परतीच्या वाटेवर इंजिनाचा आवाज बदलतो तो याच चढामुळे. कालाकुंडला प्रवासी उतरतात आणि पळसाच्या पानांच्या द्रोणात मिळणारा तिथला कलाकंद घेतात. बाकीची गंमत वर्णन करीत बसत नाही, पण तो द्रोण रिकामा झाल्यावर काय होते, याकडे एकदा लक्ष द्या. तो फलाटावर पडला तर रेल्वेचा, फलाटाच्या कडेपलीकडे पडला तर ग्रामपंचायतीचा, ओढ्यात गेला तर कोणाचाच नाही. शेजारी पाण्याची प्लास्टिकची बाटली पडली, तर द्रोण कुजून जाईल आणि बाटली मागे राहील. आपल्या घरपट्टीचा प्रश्न खरा इथे सुरू होतो, कारण पर्यटक गाडीने आणले तरी त्यांचा कचरा, त्यांची तहान आणि त्यांची गर्दी सोसावी लागते ती गावालाच.

घटनेच्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींसाठी जे 29 विषय दिले आहेत, त्यांत ‘पर्यटन’ हा शब्द नाही. परंतु रस्ते, पिण्याचे पाणी, स्वच्छता, बाजार व जत्रा, लघुउद्योग आणि सांस्कृतिक कार्ये हे सारे आहेत. म्हणजे गाडीला हात न लावताही पंचायतीला करण्यासारखे बरेच आहे: कलाकंद विकणाऱ्यांसाठी छप्पर असलेली जागा, पाण्याचा नळ, स्त्रियांसाठी रोज उघडे राहणारे स्वच्छतागृह, आणि पाताळपाणीच्या धबधब्याजवळ भक्कम कठडे व पावसाळ्यात पहारा. 2011च्या जुलैमध्ये अचानक वाढलेल्या पाण्यात तिथे पर्यटक वाहून गेले होते. तेव्हा या खर्चाला ‘सुशोभीकरण’ म्हणण्याची चूक कोणी करू नये. इंदूर निगमची हद्द मात्र तिथवर जात नाही. त्यामुळे तुमची घरपट्टी इंदूरची असेल, तर हा भार मुख्यतः जिल्हा आणि ग्रामपंचायतीचा आहे, आणि मध्ये वाटेत असलेल्या महूच्या छावणी परिषदेचा (कॅन्टोन्मेंट बोर्डाचा) कारभार तर वेगळाच आहे.

परदेशात याहून पुढे गेलेले उदाहरण आहे. अमेरिकेतील कोलोरॅडो आणि न्यू मेक्सिको या दोन राज्यांनी 1970 मध्ये, बंद पडणाऱ्या अरुंद रुळांच्या रेल्वेमार्गापैकी 64 मैलांचा तुकडा चक्क विकत घेतला. कंब्रेस अँड टॉल्टेक या नावाने तो आज चालतो. मालकी दोन्ही राज्यांची, देखरेखीला संयुक्त आयोग, आणि डबे रंगवण्यापासूनची कामे करायला हौशी स्वयंसेवक. तिथे सरकारने खर्च केला, कारण मालमत्ता सरकारची झाली होती. आपल्याकडे मालकी रेल्वेची राहणार असेल, तर खर्चाची मागणी करणाऱ्यांनी आधी लेखी करार दाखवावा: गाडी वर्षातले किती दिवस चालेल, फलाटावर गावच्या विक्रेत्यांना जागा मिळेल का, आणि वेळापत्रक बदलताना पंचायतीला किती दिवस आधी कळवले जाईल. भर हंगामात ऐनवेळी फेरी रद्द झाली, तर शंभर द्रोणांचा कलाकंद करून बसलेल्या बाईचे नुकसान कोणत्याही अनुदानाच्या नोंदीत दिसत नाही.

प्रश्न : आमची श्योपूरची छोटी गाडी तर बंदच झाली. ग्वाल्हेरच्या निगमने आता काही करण्यासारखे उरले आहे का?
— एक वाचक, लष्कर, ग्वाल्हेर

उत्तर : संस्थानकाळात महाराजा माधवराव शिंद्यांच्या राजवटीत घातलेला तो दोन फूट रुंदीचा सुमारे 200 किलोमीटरचा मार्ग 2020 मध्ये थांबला आणि त्याचे रुंदीकरण सुरू झाले, त्यामुळे संपूर्ण गाडी परत मागण्यात अर्थ नाही. (जयविलास राजवाड्यात जेवणाच्या टेबलावर फिरणारी चांदीची गाडी तेवढी शाबूत आहे, हे आपले नशीब.) शहरातून जाणाऱ्या जुन्या पट्ट्याचा प्रश्न मात्र खुला आहे. ती जमीन रेल्वेची असली तरी तिच्या आजूबाजूला काय उभे राहील, हे शहराच्या विकास आराखड्यावर ठरते. तो आराखडा राज्याचा नगर तथा ग्राम निवेश (नगररचना) विभाग करतो आणि त्यावर नागरिकांकडून हरकती व सूचना मागवल्या जातात. निगमने ठराव करून तो पट्टा बांधकामाविना मोकळा ठेवण्याची सूचना पाठवावी, आणि रेल्वेकडून एखादे जुने इंजिन व शंभर-दोनशे मीटर रूळ जागेवरच राखून मिळावेत असे कळवावे. सूचनांची मुदत ठरलेली असते, म्हणून तुमच्या लष्कर भागातल्या दोन-चार जणांनी मिळून आधी ती तारीख विचारून घ्यावी.