डेमोमध्ये नळाचं पाणी तपकिरी झालं, म्हणजे ते पिण्यालायक नाही का?

तुम्ही लिहिलंय की मुंबईत नवीन घरी आलात, प्युरिफायरवाल्याने डेमो दिला, नळाच्या पाण्याचा दोन मिनिटांत चहा झाला, आणि घरात तान्हं बाळ आहे. आरओ (बारीक पडद्यातून पाणी ढकलून क्षार काढणारा प्युरिफायर) घ्यावा का?

तो डेमो आमच्या सोसायटीतही होऊन गेलाय. आधी घाबरणं सोडा. तो गाळ पाण्यातला नसतो, ग्लासात बुडवून वीज सोडलेल्या लोखंडी कांडीचा असतो. नळाच्या पाण्यात क्षार असतात म्हणून वीज वाहते आणि कांडी झिजून गंज उतरतो. आरओच्या पाण्यात क्षार नसल्यात जमा, म्हणून ते नितळ राहतं. पुढच्या वेळी त्याच्या ‘शुद्ध’ ग्लासात चिमूटभर मीठ टाका आणि पुन्हा बटण दाबायला सांगा.

मुंबईचं पाणी भातसा, तानसा, वैतरणेचं, म्हणजे मुळात कमी क्षारांचं. आयएस १०५०० या पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत चालतो, आपला त्याच्या बराच खाली. अशा पाण्यासाठी आरओ वापरण्यावर बंदी आणा, असं राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्येच केंद्राला सांगितलं होतं.

खरी काळजी जंतूंची, आणि ती टीडीएस मीटरला दिसत नाही. पाणी ठरावीक वेळ येतं. ते गेलं की पाइपातला दाब पडतो आणि गळक्या सांध्यातून शेजारच्या गटाराचं पाणी आत शिरू शकतं. त्यानंतर आपली टाकी: झाकण तुटलेलं, ओव्हरफ्लोला जाळी नाही, साफसफाई कमिटीच्या मर्जीने.

जंतू मारणारं क्लोरीन पाण्यात उरलंय का हे तपासायला ओटी (ऑर्थोटोलिडिन या रसायनाची) टेस्ट करा. पाण्यात ओटीचे थेंब टाकले आणि ते पिवळं झालं तर क्लोरीन शिल्लक आहे (लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम हवं). थेट पालिकेच्या लाइनचं पाणी पिवळं आणि स्वयंपाकघरातलं रंगहीन, तर टाकीकडे बघा. तपासलेलं पाणी ओतून द्या. आणि नळाला क्लोरीनचा हलका वास येतो म्हणून नाक मुरडू नका, तो असलेला बरा.

बाळासाठी पाणी गाळून, एक मिनिट खळखळून उकळा आणि झाकून ठेवा. जंतू मरायला तेवढं पुरतं. मशीन हवंच असेल तर यूव्ही (अतिनील किरणांनी जंतू मारणारं) घ्या, पण गढूळ पाण्यावर त्याचा उपयोग नाही. पाण्याला घाण वास आला तर उकळत बसू नका, सरळ वॉर्ड ऑफिसात तक्रार द्या.

एक मात्र सेक्रेटरीला आजच विचारा: टाकीत बोअरचं किंवा टँकरचं पाणी मिसळतात का? मिसळत असतील तर वरचा टीडीएसचा हिशेब लागू नाही. आधी लॅबमधून तपासून घ्या, आरओचं मग ठरवा.