तुमचे प्रश्न, ताईची उत्तरं: वर्क परमिटच्या फोटोला टचअप नको

परदेशात नोकरीला निघालेल्यांचे प्रश्न पाठवा म्हटलं होतं, तर निम्म्याहून जास्त पत्रं नुसती फोटोबद्दल आली. मला आनंदच झाला, कारण सोलापुरात नवी पेठेत २१ वर्षं मी फोटो स्टुडिओ चालवलाय आणि एवढ्याशा फोटोपायी लोकांची फाईल अडकलेली डोळ्यांनी बघितलीय. यावेळी सगळी फोटोचीच उत्तरं.

प्रश्न: ताई नमस्कार, मी पूर्व भागात राहतो. कॅनडाच्या वर्क परमिटचा अर्ज ऑनलाइन भरतोय. फोटो घरीच काढला, आईनं भिंतीला पांढरी चादर लावली आणि बहिणीनं मोबाईलवर काढला. एजंट म्हणतो चालणार नाही, मागं सावली आहे आणि चेहरा लहान आहे. आम्हाला तर छान वाटतोय. घरी काढायचाच नसतो का?

उत्तर: काढायचा की, घरी काढलेला फोटो चालतो, पण एजंट खरं बोलतोय बाबा. तू पाठवलेला फोटो मी मोठा करून बघितला. आईनं लावलेली चादर आपली सोलापुरी, जाड, पांढऱ्यावर पांढरी नक्षी विणलेली. नुसत्या डोळ्याला ती पांढरीच दिसते पण कॅमेऱ्याला विणीचा उठाव दिसतो, आणि घडीची एक आडवी रेघ तर बरोबर तुझ्या कानामागून गेलीय. ट्यूबलाईट डाव्या बाजूला म्हणून उजवीकडं डोक्याची सावली पडलीय, ती चादरीवर पडल्यामुळं अजून मळकट दिसतेय. कॅनडाला बॅकग्राऊंड साधा पांढरा किंवा फिका लागतो, चेहरा आणि बॅकग्राऊंड यात फरक स्पष्ट कळला पाहिजे. चादर काढून टाका. भिंत साधी असेल तर भिंतच बरी, ऑइलपेंटची असेल तर चमकते, मग स्टेशनरीच्या दुकानातून मोठे पांढरे ड्रॉइंग शीट दोन आणा आणि जोड डोक्यामागं येणार नाही असे चिकटवा.

आता उभं राहायचं कसं, तर भिंतीला टेकून नाही, भिंतीपासून अडीच-तीन फूट पुढं. सावली भिंतीवर पडायच्या ऐवजी खाली जमिनीवर पडते, एवढ्या एका गोष्टीनं निम्मं काम होतं. तोंड दाराकडं किंवा खिडकीकडं, सकाळी आठ ते साडेनऊच्या दरम्यान, ऊन थेट अंगावर नको नुसता उजेड हवा. आपल्याकडं एप्रिल-मे मध्ये दुपारी अंगणात काढलेला फोटो बघ, ऊन डोक्यावरून येतं आणि डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात, माणूस आजारी दिसतो. फ्लॅश बंद.

मोबाईलचा मागचा कॅमेरा वापरायचा. सेल्फीत दोन घोळ होतात, एक म्हणजे हात जेवढा लांब तेवढंच अंतर, त्यामुळं नाक मोठं आणि कान मागं गेलेले दिसतात, आणि दुसरं म्हणजे बऱ्याच फोनमध्ये सेल्फी आरशासारखी उलटी सेव्ह होते, डाव्या गालावरचा तीळ उजव्या गालावर जातो आणि पासपोर्टशी जुळत नाही. बहिणीला पाच फुटांवर उभी कर. ती तुझ्यापेक्षा बुटकी आहे हे फोटोत कळतंय, कारण तुझी हनुवटी वर आणि नाकपुड्या दिसतायत, तिला स्टुलावर उभी कर म्हणजे कॅमेरा तुझ्या डोळ्यांच्या उंचीवर येईल. पोर्ट्रेट मोड नको, तो केसांच्या कडा खाऊन टाकतो. आणि ब्युटी का काय असतं ते सेटिंगमध्ये जाऊन बंद कर, काही फोनमध्ये ते आपोआप चालू असतं आणि आपल्याला पत्ताच नसतो.

चेहरा लहान म्हणजे काय तेही सांगते. कॅनडाच्या व्हिसा आणि वर्क परमिटच्या फोटोचं माप ३५ बाय ४५ मिलिमीटर, आणि त्यात हनुवटीपासून टाळूपर्यंत चेहरा ३१ ते ३६ मिलिमीटर. मी तुझा फोटो त्या मापात छापून स्टीलच्या फुटपट्टीनं मोजला, चेहरा भरला २३. आपल्याकडं फोटो म्हटलं की खांदे, टाय, शर्टाचं दुसरं बटण सगळं दिसलं पाहिजे असं वाटतं म्हणून असं होतं. काढताना लांबूनच काढ, नंतर क्रॉप कर, रुंदी-उंचीचं प्रमाण ७ ला ९ ठेव. छापून द्यायची वेळ आली तर ३०० डीपीआयला (म्हणजे एका इंचात ३०० ठिपके) ते साधारण ४१३ बाय ५३१ पिक्सेल होतं, आणि दुकानदाराला सांग प्रिंट शंभर टक्के साईजला काढ, ‘फिट टू पेज’ केलं की दोन-तीन मिलिमीटर सहज सरकतात. छापील फोटो मागितला असेल तर एका फोटोच्या मागं नाव, जन्मतारीख, स्टुडिओचं नाव-पत्ता आणि फोटो काढल्याची तारीख लागते.

पांढरा शर्ट घालू नकोस, खांदे बॅकग्राऊंडमध्ये विरघळतात, गडद निळा घाल. तोंड बंद, हसू नाही आणि कपाळाला आठ्या पण नाहीत. फोटो गेल्या सहा महिन्यांतला हवा. बहिणीच्या फोनवरून तुझ्या फोनवर घेताना व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठव, नाहीतर तो पिचकून येतो. आणि हो, पुढं बायोमेट्रिक्सला बोटांचे ठसे घेतात तेव्हा तिथंही फोटो काढतात, म्हणून अर्जातला कसाही चालेल असं कुणी सांगितलं तर ऐकू नकोस, अर्ज आधी ह्याच फोटोवर बघितला जातो.

प्रश्न: माझी मुलगी नर्स आहे, जर्मनीला नोकरीसाठी चाललीय. चष्मा जाड भिंगाचा आहे. चष्मा, टिकली, कानातलं ह्यातलं काय काढायचं? तिकडं गेल्यावर लागतील म्हणून २० प्रिंट काढून ठेवू का? (एक आई, जुळे सोलापूर)

उत्तर: मावशी, टिकली आणि छोटं कानातलं असू दे, चेहऱ्याच्या रेषा झाकत नाहीत. चष्म्यावर जर्मनीची सरसकट बंदी नाही, काचेवर चमक नको आणि फ्रेम डोळ्यांवर येता कामा नये, पण जाड भिंग असलं की कडेला चेहऱ्याची रेघ आत सरकल्यासारखी दिसते आणि लाईटचा ठिपका हमखास पडतो. मी तरी म्हणेन काढूनच ठेवा. फक्त एक करा, फोटोच्या आधी दहा मिनिटं चष्मा काढून बसू द्या, म्हणजे नाकावरचे लाल खड्डे जातात आणि डोळे बारीक करायची सवयही जरा मोडते. माप इथंही ३५ बाय ४५ आणि चेहरा ३२ ते ३६ मिलिमीटर. बॅकग्राऊंड फिका राखाडी घ्या, तिचे केस काळे आणि गणवेश पांढरा असेल तर दोन्ही उठून दिसतं. केसांना त्या दिवशी तेल नको, कपाळ चमकतं.

२० प्रिंट अजिबात काढू नका. व्हिसाच्या अर्जाला लागतील तेवढ्याच काढा. १ मे २०२५ पासून जर्मनीत पासपोर्ट, ओळखपत्र आणि परदेशी माणसांच्या राहण्याच्या परवान्याच्या कार्डासाठी कागदी फोटो बंद झालाय, तिथल्या ऑफिसात मशीनवर काढतात किंवा मान्यता असलेला फोटोग्राफर डिजिटल फोटो थेट सुरक्षित मार्गानं पाठवतो. सोलापुरातून नेलेले प्रिंट त्या कामाला पडून राहतील. त्या पैशात पोरीला शेंगा चटणी बांधून द्या.

प्रश्न: भावाचे अमेरिकेच्या व्हिसासाठी काढलेले फोटो शिल्लक आहेत. आता त्याला कॅनडात काम मिळतंय. तेच कापून चालतील का?

उत्तर: प्रिंट कापू नका. अमेरिकेचा फोटो चौकोनी, २ बाय २ इंच, म्हणजे ५१ मिलिमीटर, आणि त्यात चेहरा २५ ते ३५ मिलिमीटर चालतो. त्यामुळं अमेरिकेला बसलेला चेहरा कॅनडाच्या ३१ ला कमी पडू शकतो. स्टुडिओकडून मूळ फाईल घ्या आणि तिच्यातून नवीन क्रॉप करा, अर्थात फोटो सहा महिन्यांच्या आतला असेल तरच. एक बरं आहे, अमेरिकेनं नोव्हेंबर २०१६ पासून चष्मा बंद केलाय, त्यामुळं चष्म्याचा प्रश्न तुमच्या फोटोत आधीच सुटलेला असणार.

प्रश्न: मी डोक्यावर ओढणी घेते. फोटोसाठी काढावी लागेल का? स्टुडिओत पुरुष असतात, संकोच वाटतो.

उत्तर: नाही काढावी लागत. धर्मामुळं डोकं झाकत असाल तर कॅनडा, जर्मनी, अमेरिका तिन्हीकडं चालतं, अट एवढीच की हनुवटीपासून कपाळापर्यंत पूर्ण चेहरा दिसला पाहिजे आणि कापडाची सावली चेहऱ्यावर नको. ओढणी कपाळावरून बोटभर मागं घ्या, पिन करून घ्या म्हणजे पुढं सरकत नाही, रंग बॅकग्राऊंडसारखा पांढरा नको. संकोच वाटत असेल तर वरच्या उत्तरात सांगितलंय तसं घरी बहिणीकडून किंवा मैत्रिणीकडून काढून घ्या, कुठं जायची गरजच नाही.

प्रश्न: ताई, मुलगा वेल्डर आहे, कॅनडाला चाललाय. लहानपणी पडला होता, डाव्या भुवईत व्रण आहे. स्टुडिओवाल्यानं तो घालवला, रंगही थोडा उजळ केला. पोरगं अगदी साहेब दिसतंय. हाच फोटो लावू ना?

उत्तर: काका, हा लावू नका. तुमच्या पत्रातला आनंद मला कळतोय आणि स्टुडिओवाल्याचा हेतूही चांगलाच आहे, म्हणूनच हे सविस्तर लिहिते.

ही चूक मी स्वतः केलीय. बऱ्याच वर्षांपूर्वी यंत्रमाग कामगाराचा मुलगा फोटोला आला होता, पहिल्यांदा परदेशी चाललेला, आईबरोबर. ओठाच्या वर जुना टाक्याचा व्रण होता. मी कुणी न सांगता तो पुसला, गाल मऊ केले, रंग दोन छटा उजळला, आई स्क्रीनकडं बघून हरखली आणि मी पैसे पण कमी घेतले. पंधरा-वीस दिवसांनी तो मुलगा फोटो परत घेऊन आला, पासपोर्टमधल्या चेहऱ्याशी जुळत नाही म्हणून नवीन फोटो मागितला होता. तो काहीच बोलला नाही, नुसता आरशासमोर जाऊन बसला आणि म्हणाला, ताई आता आहे तसा काढा. ते वाक्य ऐकून मला फार वाईट वाटलं. त्याच्या चेहऱ्यात दुरुस्त करायचं काही होतंच नाही, ते मी ठरवलं होतं.

तेव्हापासून ओळखपत्राच्या फोटोला मी ब्रश लावला नाही. काका, तुमच्या मुलाचा पासपोर्टचा फोटो पासपोर्ट केंद्रातच काढलेला असणार, त्यात व्रण आहे, रंग आहे तसा आहे. आता अर्जातल्या फोटोत व्रण नसला तर बघणाऱ्या माणसाला पहिली शंका हीच येणार की हा तोच का. कॅनडाच्या नियमात स्पष्ट आहे, डिजिटल फोटोत कुठलाही बदल केलेला चालत नाही. व्रण, तीळ, देवीचे वण ही तर ओळखीची खूण आहे. आणि रंगाचं म्हणाल तर आपल्या उन्हात वाढलेल्या पोरांचा रंग असाच असतो. लाईट नीट असला की काळा रंगही फोटोत फार सुंदर येतो, नाक-डोळे स्वच्छ दिसतात, मी हजारो फोटो काढून सांगतेय. चेहरा काळपट येतो तो बहुतेक वेळा मागच्या पांढऱ्या बॅकग्राऊंडमुळं, कॅमेरा फसतो आणि एक्स्पोजर, म्हणजे आत घ्यायचा उजेड, कमी धरतो. त्यावर उपाय फोटो काढताना करायचा असतो, मोबाईलवर चेहऱ्यावर बोट ठेवून उजेड थोडा वाढवायचा, झालं.

आता करायचं काय, तर उद्याच त्या स्टुडिओत जा, भांडू नका, फक्त म्हणा की टचअपच्या आधीची मूळ फाईल द्या. ती बहुतेक त्यांच्याकडं आठवडा-पंधरा दिवस तरी असते. तिच्यात सावली नसेल, तोंड बंद असेल, चेहरा ३१ ते ३६ मध्ये बसत असेल तर तीच लावा, नवीन पैसे घालायची गरज नाही. फाईल पुसली असेल तर नवीन काढा, आणि मुलाला खुर्चीत बसवताना डाव्या भुवईवरचे केस बाजूला सारायला सांगा, व्रण दिसू दे.