पिकअपची चॅसी वाकली, म्हणजे ती कच्ची होती का?

पिकअपच्या हौद्यात कॅम्पर (प्रवासात राहण्याची खोली) चढवून मागे ट्रेलर जोडला की चॅसी (गाडीचा खालचा पोलादी सांगाडा) वाकते किंवा तिला तडा जातो, हा पोलादाचा दोष मानावा का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते बहुतेक वेळा मानू नये. हे इतक्या ठामपणे लिहितो आहे, कारण माझ्याच गाडीची चॅसी वाकली आणि ती मुळातच कच्ची होती, असे माझे थोरले बंधू चार वर्षांनंतरही भेटेल त्याला सांगत असतात.

माझी गाडी दोन रांगांच्या केबिनची, म्हणून हौदा आखूड. कॅम्परचे वजन विक्रेत्याच्या पत्रकात ७०० किलो होते. पाण्याची टाकी, गॅस सिलिंडर, बॅटरी, अंथरुणे आणि भांडी भरून गाडी काट्यावर नेली, तेव्हा माणसांशिवाय एकट्या कॅम्परचेच ९३० किलो भरले. हौदा आखूड असल्यामुळे कॅम्परचा मागचा भाग बाहेर लोंबत होता आणि पाण्याची टाकी नेमकी त्याच टोकाला होती. कॅम्परचा गुरुत्वमध्य मागच्या एक्सलच्या पुढे हवा; माझ्या गाडीत तो एक्सलच्या मागे गेला होता. त्यात २,००० किलोचा ट्रेलर, ज्याचे २०० किलो हुकावर येत होते.

हुकावरचे २०० किलो एक्सलवर २०० किलोच राहत नाहीत. दोन एक्सलमधले अंतर ३ मीटर आणि हुक मागच्या एक्सलपासून १.२ मीटर मागे असेल, तर मागच्या एक्सलवर २८० किलो वाढतात आणि पुढच्या एक्सलवरचे ८० किलो उचलले जातात. पुढची चाके हलकी झाली की स्टिअरिंग सैल लागते, हे ट्रेलर ओढणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. पण त्याच वेळी चॅसी मागच्या एक्सलवर तराजूच्या दांडीसारखी दोन्ही बाजूंनी खाली ओढली जात असते, हे गाडीखाली शिरून पाहिल्याशिवाय कोणाच्या मनात येत नाही.

गाडी मागून बसू लागली, तेव्हा बंधूंनी चॅसी आणि एक्सल यांच्यामध्ये हवेचे फुगे बसवायला सांगितले. त्यांची उमर गॅरेजमध्ये गेली आहे, त्यामुळे मी उलट प्रश्न केला नाही. फुगे भरताच गाडी सरळ उभी राहिली आणि मीही खूश झालो, हे कबूल करतो. वास्तविक पाटे (मागच्या एक्सलवरच्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा) भार दोन ठिकाणी पेलतात, एक्सलच्या पुढच्या ब्रॅकेटवर आणि मागच्या शॅकलवर, म्हणजे पाट्याचे मागचे टोक चॅसीला जोडणाऱ्या कडीवर. फुग्यांनी तो भार उचलून एक्सलच्या डोक्यावर, एकाच जागी आणला. शॅकल एक्सलपासून ०.६ मीटर मागे असेल, तर हुकापासून टेकूपर्यंतचे अंतर ०.६ मीटरवरून १.२ मीटर झाले, म्हणजे हुकाच्या भाराचा टेकूपाशी वाकवणारा जोर दुप्पट. बसलेली गाडी निदान ओरडून सांगत होती की भार जास्त आहे. आम्ही तिचे तोंड बंद केले.

पुढे एका प्रवासानंतर गाडी धुताना केबिन आणि हौदा यांच्यामधल्या फटीकडे लक्ष गेले. खाली जेमतेम एक बोट जात होते, वर तीन बोटे. खाली शिरून पाहिले, तर फुग्याच्या ब्रॅकेटच्या किंचित पुढे चॅसीच्या खालच्या पट्टीला कागद दुमडल्यासारखी सुरकुती पडली होती आणि वरच्या पट्टीवरचा रंग बारीक आडव्या रेघांनी फुटला होता. वर ताण, खाली दाब. चॅसी शेपटीच्या वजनाने वाकली, हे याहून स्पष्ट कसे दिसणार? हौद्याच्या मधोमध भार जास्त होऊन ती बसली असती, तर सुरकुती वरच्या पट्टीला पडली असती.

बंधूंचा आवडता प्रश्न असा, की ३,५०० किलो ओढण्याची क्षमता असलेली गाडी २,००० किलोंना वाकलीच कशी? ओढण्याची क्षमता वेगळी आणि अंगावर वाहण्याची वेगळी. हुकावरचे वजन वाहण्याच्या हिशेबात धरायचे असते. माझ्या गाडीची ती मर्यादा ९५० किलो; कॅम्परचे ९३०, हुकाचे २०० आणि चार माणसांचे २७० मिळून १,४०० झाले. फुग्यांनी गाडीची उंची वाढते, ही मर्यादा वाढत नाही. शिवाय हा हिशेब उभ्या गाडीचा आहे. खड्ड्यातून निघताना शेपटी खाली आपटते, तेव्हा तोच जोर क्षणभर दुप्पटही होऊ शकतो.

तडा जाण्याबद्दल मी कमी लिहिले, कारण माझ्या गाडीला तो गेला नव्हता. तो बहुधा धातूच्या थकव्याने जातो आणि वेल्डिंगच्या कडेपासून, पट्टीला पाडलेल्या भोकापासून किंवा आतून लागलेल्या गंजापासून सुरू होतो. वेल्डिंगच्या जोडावरचा ताण दुप्पट झाला की त्याचे आयुष्य ढोबळमानाने एक अष्टमांशावर येते. म्हणून हुकाचा ब्रॅकेट बसवताना चॅसीच्या वरच्या किंवा खालच्या पट्टीला कोणी ड्रिल लावत असेल, तर त्याचा हात धरावा.

फुगे सर्वस्वी वाईट, असेही माझे म्हणणे नाही. भार मर्यादेत असेल, एक्सलच्या पुढे असेल, हुक रिकामा असेल आणि उत्पादकाची परवानगी असेल, तर ते उपयोगी पडतात. एखादी चॅसी खरोखरच सदोष निघू शकते, हेही मान्य. परंतु गाडीचे मॉडेल आपण लिहिलेले नाही, तेव्हा आधी पूर्ण भरलेली गाडी ट्रेलर जोडून काट्यावर न्या, दोन्ही एक्सलचे वजन वेगवेगळे घ्या आणि कॅम्परचा गुरुत्वमध्य कुठवर चालतो, ते उत्पादकाच्या पुस्तिकेत पाहा. मी हे आकडे चॅसी वाकल्यानंतर मांडले; बंधूंनी तो कागद अजून पाहिलेला नाही.