‘च्या’ अशुद्ध नाही, आणि मुलीला तसं शिकवूही नका

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. चहा या शब्दाचे मराठीत अर्थ किती, आणि गोव्यात बदली होऊन आल्यावर शेजारीपाजारी ‘च्या’, ‘चाव’ म्हणतात ते अशुद्ध आहे हे मुलीला कसं समजवायचं. पहिलं कुणीही सांगेल. दुसरं वाचलं आणि हातातलं काम ठेवून लिहायला बसलो.

मी डिचोली तालुक्यातला. 1986 साली मराठी शाळेत सातवीत होतो. निबंध होता ‘माझी आई’. मी लिहिलं, ‘आई पहाटे उठून च्या ठेवते.’ आमच्या घरात त्याला दुसरा शब्दच नव्हता. सर घाटावरून आलेले, शिकवायला चांगले, व्याकरणात तर पक्के. त्यांनी माझी वही उचलली, ते वाक्य मोठ्याने वाचलं आणि म्हणाले, “च्या हा षष्ठीचा प्रत्यय आहे. तुझी आई पहाटे उठून प्रत्यय ठेवते का?” सगळा वर्ग हसला. पुढची दोन वर्षं पोरं मला ‘षष्ठी’ म्हणून हाक मारायची.

ते एक वेळ विसरलो असतो. पण घरी जाऊन मी जे केलं ते अजून सलतं.

आईचा च्या बहुतेक वेळा कोरा असायचा. परसातली गवती चहाची दोन पाती ती तोडून आणायची, धुवायची, बोटांवर गुंडाळून त्यांची गाठ मारायची आणि उकळत्या पाण्यात सोडायची. गाठ मारली की पाती भांड्याबाहेर लोंबत नाहीत. मग साखर, पूड, वर झाकण. गाळायला फडकं; वापरून वापरून तांबूस झालेलं. त्यातला चोथा चमच्याने दाबून शेवटचा थेंबही ती माझ्या कपात पाडायची. तोवर पोदेर, म्हणजे पाववाला, येऊन गेलेला असायचा, त्याचा उंडो, गोल पाव, गरम असायचा. त्या दिवशी ती चोथा दाबत होती आणि मी तिला म्हणालो, “आई, च्या म्हणू नको. चहा म्हण. च्या गावठी आहे.” ती काही बोलली नाही. फडकं पिळलं, झटकलं, दोरीवर टाकलं.

त्या चवथीला सर गणपती बघायला घरी आले. आईने नेवऱ्यांची बशी पुढे केली आणि म्हणाली, “सर, च... चहा घेयात.” नाम माझं, क्रियापद तिचं. सरांनी चहा घेतला, छान झालाय म्हणाले. मला तेव्हा अभिमान वाटला होता. आई 2011 साली गेली. तोपर्यंत चारचौघांत ती ‘चहा’च म्हणायची, दर वेळी जरासं अडखळून, आणि चुलीपाशी एकटी असली की ‘च्या’.

म्हणून हा शब्द मी बरीच वर्षं धुंडाळला. सरांना उत्तर द्यायचं राहून गेलं होतं, ते इथे देतो.

सर, चीनमध्ये या पेयाचं अक्षर एकच आहे. कँटनचा माणूस ते ‘चा’ वाचतो, फुकियेनच्या किनाऱ्यावरचा ‘ते’ वाचतो, आणि दोघेही बरोबर असतात. पोर्तुगीज 1557 च्या सुमारास मकावला स्थिरावले, कँटनच्या शेजारी, म्हणून त्यांनी ‘चा’ उचललं. डचांचा व्यापार फुकियेनवाल्यांशी, म्हणून त्यांच्याकडे ‘ते’ गेलं आणि तिथून इंग्रजांची ‘टी’ झाली. खुष्कीच्या वाटेने इराणात ‘चाय’ पोचलं, तेच हिंदीत आलं. इंग्रजांनासुद्धा आधी ‘चा’च माहीत होतं. 1615 साली त्यांच्या ईस्ट इंडिया कंपनीच्या जपानमधल्या माणसाने ‘चॉ’ मागवल्याचं पत्र आहे. 1662 मध्ये पोर्तुगालची कॅथरीन इंग्लंडची राणी होऊन गेली, जिच्या हुंड्यात मुंबई गेली तीच. इंग्रज दरबाराला या पेयाची गोडी लावण्यात तिचा मोठा वाटा. तिच्या भाषेत ते ‘शा’. पोर्तुगीज लोक लिहितात च आणि म्हणतात श. जुन्या गोव्यातली लिसेवमध्ये, म्हणजे पोर्तुगीज माध्यमाच्या शाळेत, शिकलेली माणसंही ‘शा’च म्हणायची.

या सगळ्यात ‘ह’ कुठे आहे? चिनी उच्चारात तो नाहीच. आपल्या चहात तो वाटेत शिरला. तेव्हा शुद्धतेचीच मोजणी करायची तर आईचा ‘च्या’ आणि तुमच्या शेजारणीचा ‘चाव’ आपल्या ‘चहा’पेक्षा मुळापासून लांब नाहीत. शब्द उधारीचा, आणि त्यावरून दुसऱ्याला गावंढळ ठरवायचं, हे मला पटत नाही. पोर्तुगीजांत एक बोलण्याची रीत आहे: माणसाला वळण नसलं की ‘ह्याला शा कमी पडला’ म्हणतात. माझं स्पष्ट मत आहे की बारा वर्षांच्या मुलाच्या आईचा शब्द भरवर्गात हसण्यावारी नेणं ही तीच उणीव, मग व्याकरण कितीही पक्कं असो.

आता अर्थांचं. चहापाणी म्हणजे पाहुणचार, आणि कचेरीत ‘चहापाण्याचं बघा’ म्हणजे लाच. चहापोहे म्हणजे मुलगी बघणं. चहापान म्हणजे अधिवेशनाच्या आदल्या दिवशी मुख्यमंत्री देतात आणि विरोधक ज्यावर बहिष्कार टाकतात ते. क्रिकेटच्या कसोटीत तीच वीस मिनिटांची सुट्टी. गवती चहा हा चहा नव्हेच, ते गवत. काळा, हिरवा, ऊलाँग मात्र सगळे एकाच झाडाचे. आणि आमच्याकडे ‘सकाळची च्या’ म्हणजे अख्खी न्याहारी, उंडो-पोळी-भाजी धरून. ‘च्या जाली?’ असं कुणी सकाळी विचारलं तर ते पेयाबद्दल विचारत नाहीत, खाल्लं का म्हणून विचारतात. इंग्लंडच्या उत्तरेतही ‘टी’ म्हणजे संध्याकाळचं जेवण, तशातलाच प्रकार. आणखीही असतील, मला एवढे आठवले.

एक सांगायला हवं. मी मराठीच्या बाजूचा आहे, तेव्हाही होतो. 1986 म्हणजे गोव्याची राजभाषा कोकणी की मराठी हा वाद ऐन भरातला. 1987 च्या फेब्रुवारीत कायदा झाला, कोकणी राजभाषा झाली आणि मराठीला सरकारी कामात वापराची मुभा राहिली. त्या दिवसांत च्या म्हटलं की तू कोकणीवाल्यांचा, चहा म्हटलं की आमचा, इतकं सोपं करून टाकलं होतं. सर कदाचित त्या तापातच बोलले असतील. तरी मराठीचा मान राखायला च्याला हिणवावं लागतं हे मला तेव्हाही कळलं नव्हतं, आताही कळत नाही.

मुलीच्या वहीत ‘चहा’ लिहू द्या, मराठीच्या पेपरात तेच बरोबर. पण शेजारीण ‘च्या’ म्हणाली तर मुलीने तिला दुरुस्त करता कामा नये, एवढं मात्र आजच सांगा. आणि ती दारातून ‘च्या घेवन वचात’, म्हणजे चहा घेऊन जा, म्हणाली तर ‘नको, आत्ताच झाला’ म्हणू नका. बसा. कपाबरोबर काहीतरी खायला येईलच.