नवीन डीबी बसवल्यावर टेस्टिंग आणि सर्टिफिकेट लागतं का?

तुम्ही जुना फ्यूजबोर्ड काढून एमसीबी (जास्त करंट गेला की वीज तोडणारा स्विच) आणि आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) असलेला डीबी, म्हणजे घरभर वीज वाटणारा बोर्ड बसवलाय, दिवे-पंखे चालू आहेत, मग आणखी काय तपासायचं, असं विचारलंय. तपासाच. दिवा लागला म्हणजे वायरिंग सुरक्षित आहे असं नाही.

मेन बंद करा, टीव्ही-फ्रिजच्या पिना काढा आणि 500 व्होल्टच्या मेगरनं (इन्सुलेशन मोजायचं यंत्र) वायरचं इन्सुलेशन बघायला लावा. 1 मेगाओमच्या खाली आलं तर वायर कुठंतरी खराब असू शकते. 30 मिलीअँपिअरची आरसीसीबी टेस्टरनं 300 मिलिसेकंदांच्या आत पडायला (ट्रिप व्हायला) हवी. नुसतं टेस्ट बटण दाबून अर्थिंग कळत नाही. ते वेगळं मोजावं लागतं. आपल्याकडं तर हे फार महत्त्वाचं. उन्हाळ्यात काळी माती भेगाळते आणि अर्थिंगचा रेझिस्टन्स चढतो. परभणीला आमच्या घरी मे महिन्यात अर्थिंगच्या खड्ड्यात दोन घागरी पाणी ओतलं, तेव्हा कुठं आकडा उतरला.

आरसीसीबी सारखी पडते म्हणून कुणी "डायरेक्ट करून देतो", म्हणजे आरसीसीबी वगळून वायर जोडतो, म्हणालं तर अजिबात ऐकू नका. कधीकधी इन्व्हर्टरचं न्यूट्रल (परतीची वायर) दुसऱ्या न्यूट्रलमध्ये मिसळल्यामुळं ती पडत असते.

काम परवानाधारक विद्युत कंत्राटदाराकडूनच करून घ्या आणि मोजलेले आकडे, सही, परवाना क्रमांक असलेला टेस्ट रिपोर्ट मागून घ्या.