आफ्टर इफेक्ट्सच्या इंट्रो टेम्प्लेटमध्ये मराठी नाव टाकलं की अक्षरं तुटतात. काय करू? की सरळ इंग्रजीतच टाकू?

इंग्रजीत टाकू नका. तुमच्या प्रश्नातल्या त्या शेवटच्या वाक्यासाठीच लिहायला बसलोय.

मी अंबाजोगाई तालुक्यातला. आमच्या गावच्या अखंड हरिनाम सप्ताहातली कीर्तनं यूट्यूबवर टाकायचं ठरलं, तेव्हा शूटिंग आणि इंट्रोचं काम एका स्टुडिओवाल्याला दिलं होतं. पैसे गावाच्या वर्गणीतले. इंट्रो दिसायला झकास, सोनेरी कण उडतायत, मागं मृदंग वाजतोय, आणि मधोमध सप्ताहाचं नि गावाचं नाव रोमन लिपीत. मराठीत का नाही विचारलं तर म्हणाला, "भाऊ, सॉफ्टवेअर बाहेरचं हाय, त्येच्यात मराठी तुटतंय. समदे असंच करतेत." माझे चुलते त्या सप्ताहात वीणा घेऊन उभे राहतात. ओव्या तोंडपाठ, पण इंग्रजी अक्षराची ओळख नाही. त्यांनी मोबाइल डोळ्याजवळ धरून इंट्रो बघितला आणि विचारलं, "आपल्या गावाचं नाव कुठं ल्हिलंय?"

मग मी टेम्प्लेटची, म्हणजे नाव बदलून वापरायच्या तयार अॅनिमेशनची, फाइल मागून घेतली आणि स्वतः बसलो. 'हरिनाम' टाइप केलं तर 'र'ची वेलांटी सुटून पुढच्या 'न'वर जाऊन बसली. 'सप्ताह'मधलं जोडाक्षर फुटलं, 'प'चा पाय मोडलेला दिसायला लागला. स्टुडिओवाल्यानं इथवर बघून हात टेकले असणार. पण हा दोष मराठीचा नाही आणि सॉफ्टवेअरचाही नाही. आफ्टर इफेक्ट्सच्या एडिट मेनूत प्रेफरन्सेस, त्यात टाइप, तिथं टेक्स्ट इंजिन 'लॅटिन अँड ईस्ट एशियन' असेल, तर ते 'साउथ एशियन अँड मिडल ईस्टर्न' करायचं. सॉफ्टवेअर बंद करून परत उघडायचं. अक्षरांचा जुना लेयर, म्हणजे थर, तरीही तुटका राहिला तर नवा टेक्स्ट लेयर घ्या. फॉन्ट युनिकोड हवा. मुक्त (Mukta), बलू (Baloo), नोटो सान्स देवनागरी हे सगळे फुकट मिळतात.

एवढ्यानं नाव नीट दिसतं, पण प्ले केलं की पुन्हा तुटतं. कारण टेम्प्लेट इंग्रजी अक्षरांसाठी बनवलेलं असतं, एकेक अक्षर उडत येतं. आपली मात्रा, वेलांटी, अर्धं अक्षर ते सुटं धरतं आणि वेगवेगळं उडवतं. टेक्स्ट लेयरच्या अॅनिमेटरमध्ये रेंज सिलेक्टर, त्यात अॅडव्हान्स्ड, तिथं 'बेस्ड ऑन'ला 'कॅरेक्टर्स'च्या जागी 'वर्ड्स' करा. शब्द अख्खा येतो आणि छान दिसतो. ट्रॅकिंग, म्हणजे अक्षरांमधलं अंतर, शून्य करा; ते हळूहळू बदलणाऱ्या खुणा, म्हणजे की-फ्रेम, असतील तर त्याही काढा. इंग्रजी अक्षरं लांब सरकली की भारदस्त दिसतात, आपली शिरोरेषा मात्र मोडक्या कुंपणासारखी होते. राहिला मास्क, म्हणजे अक्षरं जिच्या आतच दिसतात ती चौकट. तो इंग्रजी कॅपिटलच्या उंचीला मापून कापलेला असतो, त्यात वरचा रफार आणि खालचा उकार छाटला जातो. तो वर-खाली वाढवा.

नाव जिथं बदलायचं तो लेयर बहुतेक वेळा आतल्या एखाद्या कॉम्पोझिशनमध्ये, म्हणजे टेम्प्लेटच्या पोटातल्या वेगळ्या तुकड्यात, असतो, ते तुम्हाला माहीत असेलच.

फ्लेक्सवाले सांगतील की जुना कृतिदेव फॉन्ट वापर, तो तुटत नाही. अजिबात ऐकू नका. त्यात इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असतात. तेच नाव कॉपी करून व्हिडिओच्या शीर्षकात टाकलं की इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो, आणि नाव शोधणाऱ्याला व्हिडिओ सापडत नाही.

मला राग येतो तो या गोष्टीचा की हे आमच्या अंबाजोगाईत ऐकावं लागलं. इथं संतकवी दासोपंतांनी लांबच लांब पासोडीवर, कापडावर, मराठी ओव्या लिहून ठेवल्यात. कापडावर शाईनं लिहिणं सेटिंगमधला एक पर्याय बदलण्यापेक्षा सोपं होतं का? 'मराठी तुटतं' म्हणणारा माणूस सेटिंग उघडून बघत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

एक सांगायचं राहिलं. फार जुन्या आवृत्तीत हा इंजिनाचा पर्यायच नाही. तिथं नाव इंकस्केप किंवा इलस्ट्रेटर या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये लिहा, अक्षरांचे पाथ, म्हणजे नुसते आकार, करा आणि चित्र म्हणून आणा. इलस्ट्रेटरमध्येही भारतीय भाषांचा पर्याय आधी चालू करावा लागतो. मग अक्षरं सुटी उडवता येणार नाहीत, नाव एकसंध येईल. तुमचं टेम्प्लेट आफ्टर इफेक्ट्समध्ये बनवलेलं पण प्रीमिअर या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये वापरायचं असेल, तर निर्मात्यानं जे बदलायला मोकळं ठेवलंय तेवढंच बदलता येतं.

आणि काम पैसे देऊन करून घेणार असाल तर ठरवतानाच सांगा की नाव देवनागरीत हवं. रेंडर झालेला, म्हणजे पूर्ण तयार होऊन आलेला, व्हिडिओ चालवून, त्यातली प्रत्येक वेलांटी जागेवर बघितल्याशिवाय उरलेली रक्कम देऊ नका.